देवा, आज लवकर जेव

नाट्यमंडळातली तरुण मुलं मला विचारतात, "मास्तर, शोकांतिकेत कलाटणीचा प्रसंग रंगवायचा कसा?" मी सांगतो. प्रेक्षकाला आधी कळू द्यावं, पात्राला उशिरा. रडणं रोखून धरावं. पात्राच्या हाताला काहीतरी साधं काम द्यावं. मुलं वहीत लिहून घेतात. हे मी कुठून शिकलो ते मात्र कधी सांगितलं नाही. आता माझं ते जुनं नाटक पुन्हा बसवायचं म्हणून ती मागे लागली आहेत, तेव्हा सांगायलाच हवं.

माझी धाकटी बहीण अक्कलकोटला दिली होती. सासरे भिक्षुकी करणारे, कडक सोवळ्याचे. चौथ्या वर्षी तिचं दीड वर्षांचं मूल तापानं फणफणलं. नवरा कचेरीच्या कामासाठी परगावी. सासऱ्यांना विचारल्याशिवाय डॉक्टर बोलवायचा नाही, आणि ते पूजेला बसले की त्यांच्याशी बोलायचं नाही, असा घरचा नियम. ती मुलाला मांडीवर घेऊन देवघराच्या दाराबाहेर बसून राहिली. घंटा थांबली की वाटायचं, झाली पूजा. तेवढ्यात पुन्हा सुरू व्हायची. शेवटी नैवेद्य दाखवायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, आज लवकर जेव की."

सासऱ्यांनी ते ऐकलं. पूजा मात्र पुरी केली. डॉक्टर आला तेव्हा मूल गेलं होतं. पंधरवड्यानंतर त्यांनी तिला सोलापूरला माझ्या दारात आणून सोडलं. "देवाला घाई करणारी सून आमच्या घरात नको," एवढंच म्हणाले.

हे तिनं मला एकट्याला सांगितलं. तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही, खडे मात्र एकेक करून बाजूला पडत होते. "दादा, वहिनीलासुद्धा बोलू नकोस. माझ्या घरची गोष्ट आहे." माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती, तरी ती अक्कलकोटलाच 'माझं घर' म्हणायची.

मी तेव्हा एक शोकांतिका लिहीत होतो. तिसऱ्या अंकात आई मूल गमावते, तिथं नाटक उलटायला हवं होतं. मी आईला दोन पानांचं भाषण दिलं होतं. ती केस ओढायची, देवाला शिव्या द्यायची. तालमीत मंडळी जांभया देत होती. महिनाभर मी तो प्रवेश लिहीत होतो आणि फाडत होतो. मग एका दुपारी भाषण काढून टाकलं. आईच्या पुढ्यात तांदूळ निवडायचं सूप ठेवलं. समोरच्या घरी वैद्य आला आहे आणि त्याची बैलगाडी आता निघणार आहे, हे आधीच्या प्रवेशात प्रेक्षकांना दाखवलं. आतून घंटा. घंटा थांबते, आई उठू लागते, पुन्हा घंटा. असं तीन वेळा. मग ते वाक्य, आणि लगेच बाहेर गाडी हलल्याचा आवाज.

घर मी सावकाराचं केलं, गाव कोकणातलं. वाक्य तेच ठेवलं. कोण ओळखणार, असं स्वतःला बजावलं. ते वाक्य ज्याला ओळखता येईल असा एकच माणूस जगात होता.

नाटक उभं राहत असतानाच त्या माणसाचं पत्र आलं. मुलगा ऐकत नाही, सुनेला न्यायला येतो. आमच्या घरात दिवाळी झाली. बहिणीनं ट्रंक घासून पुसून भरली. एका रविवारी सकाळी सासरे आले, ओटीवर टेकले आणि म्हणाले, "मास्तर, झालं गेलं सोडलं. घरातलं तिनं घरात ठेवलं, बाहेर चकार शब्द नाही. म्हणून नेतोय." उद्याच्या गाडीनं निघायचं ठरलं. संध्याकाळी आमच्याकडे जेवण.

त्याच दुपारी प्रयोग होता. गिरणीतल्या लोकांना सुट्टी, म्हणून आम्ही रविवारी दुपारीच लावायचो. मी त्यांना कशाला बोलवावं? पण बोलावलं. व्याह्यांनी माझं नाव झालेलं बघावं, असं वाटलं. दुसरं कारण नाही.

पत्र्याच्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. आईचं काम करणारा आमचा नट, एरवी गिरणीच्या ऑफिसातला कारकून, पदर नीट करत म्हणाला, "पहिल्या रांगेत तुमचे भिक्षुक पाहुणे बसलेत म्हणे. नैवेद्याचं वाक्य लागेल हो त्यांना. गाळू का?"

माझ्या बहिणीचा संसार त्या एका प्रश्नावर होता. आणि मी म्हणालो, "ते गाळलंस तर प्रवेशात राहिलं काय?"

पूजेची घंटा मागच्या रांगेला ऐकू जात नसे, म्हणून आम्ही दोरीची मोठी घंटा विंगेत टांगली होती. ती मी स्वतः वाजवायचो. दुसऱ्याला ती वेळ साधत नाही, असा माझा तोरा. त्या दिवशीही वाजवली. वाक्य आलं. मग मागून कुणीतरी ओरडला, "वन्समोअर! परत म्हण की गं बाई!" वन्समोअर गाण्याला मिळतो. बोलण्याला मिळालेला मी तोवर ऐकला नव्हता. नटानं विंगेकडे पाहिलं. दोरी माझ्या हातात होती. सोडली असती तर तो पुढं गेला असता.

मी पुन्हा वाजवली. सगळा प्रवेश पुन्हा झाला. आणि तिसऱ्यांदाही झाला. पहिल्या रांगेतले सासरे तिसऱ्या वेळी उठले.

मी मागच्या दारानं धावत जाऊन त्यांना गाठलं. म्हणालो, "चूक माझी आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही."

"तिनं तुम्हाला सांगितलं, तुम्ही गावाला," ते म्हणाले. "चूक तुमची, तर तुमच्याकडेच ठेवा. तीही ठेवा." आणि स्टेशनकडे चालू लागले.

घरी आलो तर दिवेलागण झालेली. पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी. "मामंजी मागून येतायत का रे? पोळ्या गरम वाढायच्यात." मी म्हणालो, "येतील." मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ती दाराशी जायची, परत यायची, तव्याखालची लाकडं मागं ओढायची. मी भिंतीला टेकून बघत बसलो.

शेवटी तिनंच विचारलं, "तुझ्या नाटकात काय होतं रे?"

मी सांगितलं. तिनं ओल्या फडक्यानं रांगोळी पुसली. पाट उचलून भिंतीला लावला. मग म्हणाली, "लोक रडले?"

"रडले."

"आणि तू?"

मी घंटा वाजवत होतो, हे मला सांगता आलं नाही.

तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. ती अजून माझ्याकडेच आहे. त्या नाटकाचे पुढेही प्रयोग झाले, तेही मी थांबवले नाहीत.

मुलांना त्या नाटकाची वही द्यायची नाही, असं मी काल ठरवलं. ते सांगायला स्वयंपाकघरात गेलो, आणि इतक्या वर्षांनी घंटेचंही सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुझ्या तळहातावर दोरीचे वळ होते त्या दिवशी. मी तुला वाढलं ना."