एक टिकली जास्त

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात: वजन झालेली आणि वजन व्हायची राहिलेली. जात, पक्ष, पगार, शेती ओलिताची की कोरडवाहू, हे बाकीचे भेद त्यांच्या लेखी नाहीतच. त्या नर्स आहेत, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडबाजूच्या उपकेंद्रात त्यांची सारी नोकरी गेली आहे. तीन गावं, दोन तांडे आणि टेकडीमागचा एक कोलामपोड, म्हणजे कोलामांची वस्ती, एवढा त्यांचा मुलूख. तिथे सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. नात्यानं त्या माझ्या आकडसासू, म्हणून मी ताई म्हणतो. इतर बायकांच्या पिशवीत छत्री असावी तसा त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत टांगायचा वजनकाटा आणि बाळ बसवायची झोळी बारा महिने असते. माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या वाशाला काटा टांगला आणि पाहुण्यांची लेकरं एकेक करून झोळीत घालायला सुरुवात केली. नवरीकडची एक मावशी भडकली. "आम्ही लग्नाले आलो का दवाखान्यात?" ताई काट्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "लग्नालेच आल्या जी. एरवी इतके लेकरं एका जागी कधी सापडते मले?" मंगलाष्टकं संपत आली तरी रांग संपली नव्हती. भटजींनी दोनदा "सावधान" म्हटलं, ताईंनी दोन्ही वेळा "जरा थांबा" म्हटलं, आणि नवरदेव अंतरपाटामागे हार धरून ताटकळत राहिला.

नवरीला आशीर्वाद देताना लोक डोक्यावर हात ठेवतात. ताई तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघतात. रंग फिका दिसला की अहेराच्या साडीवर शेंगदाणा-गुळाच्या लाडवांचा डबा चढतो आणि वर चारचौघांत ताकीद, "वर्षभर घाई करू नका बापा, आधी पोरीले रक्त भरू द्या." नवरी लाजेनं लाल होते, तेवढाच तिचा रंग सुधारतो. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझीही पापणी ओढली होती. "जवाई लाल हाय," असा निकाल त्यांनी मोठ्यानं दिला. माझी बायको अजून म्हणते की त्या दिवशी माझ्यात पसंत करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट सापडली.

त्यांना पत्ता विचारण्याची चूक मी एकदाच केली. त्यांच्या भागातल्या एका तांड्यावर मला कागद पोचवायचे होते. ताई फोनवर म्हणाल्या, "आर्णी रोडनं या. जुळे झाले त्या घरापासून डाव्या हाताले वळा. मंग पायाळू झाला ते घर लागते, तिथून सरळ." मी तासभर भटकलो. शेवटी एका म्हाताऱ्याला चाचरत विचारलं, "बाबा, पायाळूचं घर कोणतं?" त्यानं क्षणाचाही विचार न करता हात केला. सारा मुलूख ताईंच्या नकाशानं चालतो हे मला तेव्हा कळलं.

आणि नकाशा खरोखरच आहे. उपकेंद्राच्या भिंतीवर जुन्या चादरीवर काढलेला, घर न् घर असलेला. गरोदर बाई असलेल्या घरावर हिरवी टिकली, जोखमीच्या बाईच्या घरावर लाल, बाळंतपण झालं की पिवळी. या टिकल्या त्या आर्णीच्या बाजारातून पाकिटांनी घेतात. स्वतःच्या कपाळावर मात्र कधी एक लावत नाहीत, त्यामुळे दुकानदाराला या बाईंचं कोडं आजवर सुटलेलं नाही. माझे साडू म्हणतात, "माझ्या घरात बायको हाय हे टिकल्यांच्या बिलावरूनच समजते." चादरीखाली त्यांची वही असते. सरकारी रजिस्टर वेगळं, ही वेगळी. शेऱ्याच्या रकान्यात रक्तदाब लिहून झाल्यावर त्या बाईचं वर्णन लिहितात. 'निंबाखालची. हसताना तोंड झाकते. सासूसमोर जेवत नाही, म्हणून दुपारी जाणे.' 'हिच्या नवऱ्याला आधी समजावणे, मग तिला.' 'गोळ्या कोंबड्यांना टाकते. कोंबड्या धडधाकट.'

टक्केवारीशी त्यांचं उभं वैर. महिन्याच्या सभेत साहेब लसीकरणाचे टक्के वाचून समाधानानं चष्मा काढतात, आणि मागच्या खुर्चीवरून आवाज येतो, "मंग साहेब, राह्यलेले टक्के कोणाच्या घरी हाय?" पहिल्यांदा साहेब हसले होते. आता ते टक्के वाचण्याआधी ताई आल्या आहेत का ते बघून घेतात.

हे सगळं मला इतकं नेमकं ठाऊक असण्याचं कारण असं, की मी तालुक्याच्या ठिकाणी आरोग्य खात्याच्या कार्यालयात कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर आहे. गावोगावच्या नर्सबाया रजिस्टर पाठवतात आणि मी गरोदर बाया, बाळंतपणं, वजनं, लशी असं सगळं पोर्टलवर चढवतो. त्या रजिस्टरांसोबत ताईंची वहीही कधीकधी यायची. आता लिहूनच टाकतो. चहाच्या वेळी मी त्यातले शेरे मोठ्यानं वाचून दाखवायचो. कोंबड्यांचा शेरा तर दोनदा, लोकांच्या आग्रहावरून. सगळे पोट धरून हसत. ज्या बाईनं मला भर साखरपुड्यात पसंत केलं, तिच्या अक्षरावर मी हशा पिकवत होतो.

मागच्या हिवाळ्यात वरून सूचना आली की पोर्टलवरच्या दुबार नोंदी काढून टाका. मला असं काम आवडतं. यादी स्वच्छ झाली की मलाही उगाच स्वच्छ वाटतं. ताईंच्या एका तांड्यावर 'कविता विजय राठोड' दोनदा दिसली. बाईचं नाव तेच, नवऱ्याचं तेच, तांडा तोच, मोबाइल नंबरसुद्धा तोच. मी नंतरची नोंद काढून टाकली. एक क्लिक. मग चहा प्यालो.

त्या दोन होत्या. एक तांड्यावरची सून. दुसरी तांड्यावरची लेक, पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आलेली. दोघींचे नवरे विजय, दोघी राठोडांच्या घरी दिलेल्या. दोघींकडे मोबाइल नाही, म्हणून दोघींपुढे तांड्यावरच्या आशाताईंचा नंबर. मी काढलेली माहेरवाशीण जोखमीच्या यादीत होती. त्या यादीवरून आठवड्याला गाडी जाते आणि बायांना तपासणीला घेऊन येते. नाव नाही, तर गाडी नाही.

यादी छापून गेली त्याच दिवशी ताईंचा फोन आला. "जवाई, यादीत एक कविता कमी हाय. माह्या चादरीवर लाल टिकली एक जास्त होऊन राह्यली."

मी पोर्टल उघडून बघायला हवं होतं. एक मिनिट लागलं असतं. पण सगळे चहाला जमले होते, आणि मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "ताई, ती टिकली काढून कपाळाला लावा. संगणक चुकत नसतो."

खोलीत हशा झाला. मग ताई म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

त्या तडक स्कुटी घेऊन तांड्यावर गेल्या. कविता ओसरीवर बसली होती, पाय सुजलेले, सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं. रक्तदाब इतका वर, की ताईंनी यंत्र बिघडलं असेल म्हणून आधी स्वतःचा मोजून पाहिला. ॲम्ब्युलन्सला फोन लागेना. जिनिंगकडे निघालेली कापसाची गाडी त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली. कविताला आणि तिच्या आईला ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि स्वतः मागे कापसाच्या ढिगावर चढल्या. दवाखान्यात उतरल्या तेव्हा त्यांचं डोकं, भुवया, पदर सगळं पांढरंधोप झालं होतं. वॉर्डातल्या पोरीनं विचारलं, "पेशंट कोण, आजी?" पुढे तिथून यवतमाळ. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, एवढीशी. बरेच दिवस तिला काचेत ठेवलं. मग मायलेकी दोघी घरी आल्या.

हे मला कार्यालयात कळलं तेव्हा मी पोर्टल उघडलं, आणि मग लघवीच्या निमित्तानं बाहेर जाऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभा राहिलो.

साहेबांनी सभेत विचारलं, "इतकी जोखमीची बाई, यादीत नाव कसं नाही?" मी तिथेच होतो, दाराजवळच्या टेबलाशी. माझं तोंड उघडण्याआधी ताई म्हणाल्या, "माह्याकडूनच नोंद राह्यली असन, साहेब." माझं तोंड त्यानंतरही उघडलं नाही. ताईंकडून लेखी खुलासा मागवायचं ठरलं. ते पत्र टाइप मी केलं. 'आपल्या कर्तव्यातील हलगर्जीपणाबाबत' हे शब्द माझ्या बोटांनी उमटले, आणि बोटं नेहमीसारखीच चालली. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

दीड महिना गेला. बायको विचारायची, "तुम्ही काहून गुमसुम असता?" मी म्हणायचो, काम वाढलंय. शेवटी एका रविवारी मी ताईंकडे गेलो. त्या नव्या चादरीवर घरं काढत बसल्या होत्या. उन्हाळ्यात रिटायर होणार, तर येणाऱ्या पोरीला नकाशा तयार मिळावा म्हणून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चहाच्या वेळचे शेरे सुद्धा.

"मले मालूम हाय," त्या पेन्सिल न थांबवता म्हणाल्या. "मी स्वतः दिली होती नोंद. नावं काय आपोआप उडून जाते जी?"

"मग तुम्ही अंगावर काहून घेतलं?"

"मी परमनंट हाव. मले एक कागद आला तं काय होते? तुमचं कंत्राट मार्चमंदी संपते न." मग त्यांनी वर पाहिलं. "अन् कोंबड्यांचं वाचलं त्याचं काही नाई. ते हसण्यासारखंच होतं."

मी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

आता मात्र पेन्सिल थांबली. "मले कायले सांगता? माह्यं नाव काढलं का तुम्ही? जिचं काढलं तिले सांगा. चाला."

मी टाळाटाळ केली. म्हणालो, पुढच्या आठवड्यात. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या मोटारसायकलवर मागे जाऊन बसल्या. मी अजून चप्पल घातली नव्हती.

तांड्यावर कविता ओसरीत बाळाला तेल चोळत होती. तिची आई तूर पाखडत होती. ताईंनी माझी ओळख अशी करून दिली, "हे माहे जवाई. काँप्युटरवर राह्यते. यायले तुमच्याशी बोलाचं हाय." आणि स्वतः बाजूला होऊन काटा टांगायला वासा शोधू लागल्या.

मी बोललो. पोर्टल म्हणजे काय, दुबार म्हणजे काय हे समजावत बसलो, कारण ते सोपं होतं. मग म्हणालो, "दुसऱ्या कविताचं आणि तुमचं सगळं सारखं होतं. मला वाटलं एकच बाई आहे. तुमचं नाव मी काढलं."

कविता तेलाचा हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग फसकन हसली. "ते न् मी एक? ते तं माझ्या दुप्पट जाडी हाय!" आणि आईकडे वळून तिनं त्यांच्या बोलीत ते सांगितलं, "याडी..." अशी हाक मारून, हातानं दुसरीची रुंदी दाखवत.

आई हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. मला मराठीतच विचारलं, "सिस्टर नसती आली त्या दिवशी, तं?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही होतं. ताई तिकडे वाशाला दोरी बांधत होत्या. माझ्या मदतीला त्या आल्या नाहीत.

कवितानंच विचारलं, "आता हाय का नाव यादीत?"

"आहे."

"पोरीचं?"

"तिचंही आहे. 'कविता यांचे बाळ' असं आहे सध्या."

"आरोही ठेवलं. ते टाका."

मी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. नाव लिहिलं, आईचं लिहिलं, मग आजीचं विचारून तेही लिहिलं, कुठलाच रकाना नसताना. तोवर कवितानं बाळाला दुपट्यात गुंडाळलं होतं आणि माझ्यापुढे धरलं होतं. इतक्या वर्षांत मी किती बाळं चढवली असतील त्याचा हिशेब नाही. त्यांतलं एकही कधी हातात घेतलं नव्हतं. मी कागद खिशात कोंबला आणि दोन्ही हात पुढे केले. तेलानं ते निसटेल अशी मला भीती वाटत होती. आरोहीनं माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, एक जांभई दिली. कविता हसत होती, मीही हसलो असेन. तिची आई उठून जवळ आली आणि माझ्या हातांखाली, बाळाच्या अगदी खाली, आपला एक हात पसरून उभी राहिली. मी बाळ परत देईपर्यंत तिनं तो काढला नाही.