कणकेचा गोळा

आमच्या घरी संध्याकाळची कणीक मळून झाली की आई आधी मोठ्या लिंबाएवढा एक गोळा बाजूला काढायची. तो पोळीचा नव्हे, पखवाजाचा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापली नाही तर तो घुमतच नाही, नुसता फटफट करतो. वाजवून झालं की कणीक खरवडायची, ओल्या फडक्याने चामडं पुसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी लावायची. खरवडायची राहिली तर ती वाळून चामड्याला धरते आणि उंदरांना आयतं जेवण होतं. हे मला पाढे यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

पखवाज बाबांचा. गावाहून मुंबईत येताना त्यांनी एक ट्रंक आणि हा पखवाज एवढंच आणलं होतं, असं आई सांगायची. भांडुपच्या टेकडीवर आमची एक खोली आणि पुढे पडवीवजा स्वयंपाकघर. तिथे शनिवारी वाडीतल्या भजनी मंडळात बाबा वाजवायचे आणि बाकीचे दिवस घरी, एकटेच. गिरणी चालू होती तेव्हा हौस म्हणून. संप झाला, गिरणीने पुन्हा घेतलं नाही, आणि बाबा मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहायला लागले. तिथे त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेला सुपरवायझर त्यांना "ए, इकडे ये" करायचा. वीस वर्षं मागावर मान ताठ ठेवून काम केलेला माणूस. तेव्हापासून पखवाज हौसेचा राहिला नाही.

सहाला घरी यायचे. हातपाय धुवायचे, कोरा चहा घ्यायचे, आणि आईकडून गोळा घेऊन भिंतीला टेकून बसायचे. कोणी हाक मारली तर म्हणायचे, "वाईच डोक्या हलक्या करतंय." अर्धा तास, फार तर पाऊण. सुरुवातीला हात जोरात पडायचे. आम्ही ओळखायचो, आज गेटवर काहीतरी झालंय. मग हळूहळू हात मऊ व्हायचे, आणि शेवटी नुसती बोटं फिरायची. उठताना चेहरा उतरलेला नसायचा. आईशी बाजाराचं बोलायचे, माझी वेणी ओढायचे.

आता माझं सांगते. बाबा गेटवर लागले त्याच वर्षी मी घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. एका खोलीत आम्ही आठ जणी, आठ मशिनं. संध्याकाळी बाहेर पडलं तरी कानात टकटक चालूच. डोकं असं ठणकायचं की रस्त्यात कोणी हसून बोललं तरी राग यायचा. पहिल्या काही पगारांतून मी टेपरेकॉर्डर घेतला. स्टेशनजवळच्या दुकानात गाण्यांची यादी लिहून दिली की दुकानदार कॅसेट भरून द्यायचा. आवडीची, हळू चालीची गाणी मी भरून घेतली. घरी यायचं, चटईवर आडवं व्हायचं, टेप कानाशी घ्यायचा आणि डोळे मिटायचे. दोन गाण्यांत ठणका उतरायचा. मला वाटायचं, केवढा शोध लावला मी! आमच्याच घरात भिंतीला टेकून एक माणूस रोज तेच करत होता, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

खोली एक आणि वेळ दोघांचीही तीच. मी आवाज वाढवायचे, मग पखवाज जरा हळू व्हायचा. बाबाच मागे घ्यायचे नेहमी. मी कधी घेतलं नाही. कमावती होते ना! आईने तर मला माझं ताटही उचलू देणं बंद केलं होतं.

एके दिवशी साहेबाने एकच पत्र माझ्याकडून तीनदा टाइप करून घेतलं आणि तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर फाडलं. मी घरी आले. बाबा नुकतेच बसले होते, आणि त्या दिवशी त्यांचाही हात जोरात पडत होता. म्हणजे त्यांचंही काहीतरी झालं असणार. मला ते कळत होतं, हेच तर वाईट आहे. तरी मी म्हणाले, "बाबा, बस करा ना आता. दिवसभर तिथे ठोकाठोक, घरी आलं तरी ठोकाठोक. ही काय गिरणी आहे?"

गिरणी हा शब्द मी मुद्दाम वापरला का? चाळीस वर्षं झाली, स्वतःला विचारतेय. मुद्दाम नसेल, पण तो तोंडात तयार होता एवढं खरं.

बाबांचा हात जिथे होता तिथे थांबला. पखवाज उचलला, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवून दिला. मग चपला घालून खाली नाक्यावर गेले. आई पोळ्या लाटत होती. तिने माझ्याकडे पाहिलं फक्त. मी टेप लावला.

मला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे, उतरेल. उतरायला राग होताच कुठे? माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. फक्त वाजवायचे नाहीत. पेपर वाचताना बोटं मांडीवर फिरायला लागायची, आणि मी मान वर केली की थांबायची. मंडळाचे लोक दोनदा बोलवायला आले, तर हात दुखतोय म्हणाले. ज्या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता तो आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सारायला लागला. आई एकदा धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "तेंचो राग आदी त्या चामड्यात जाय. आता घरात फिरता." मी ऐकलं न ऐकलं केलं.

लाज वाटत नव्हती असं नाही. पण माफी मागायची म्हणजे विषय काढावा लागतो, आणि विषय काढायला मला रोज उद्याचा दिवस बरा वाटायचा. त्यात माझे लाडही वाढले होते. आई रोज शेवटी तव्यावर एक लहान, जाडसर पोळी टाकायची आणि गूळतूप लावून मला द्यायची. दमून येते पोरगी म्हणून. टेप ऐकता ऐकता मी ती खायचे.

वर्षभराने टेप बिघडला. दुरुस्तीला दिला तर दुकानदाराने आठ दिवस लावले. त्या आठ दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसले. पाचव्या दिवशी आईवर ओरडताना माझाच आवाज मला ऐकू आला, आणि बाबांचा ताट सारण्याचा आवाज आठवला. पाच दिवसांत माझी ही गत, आणि त्या माणसाचं मी वर्ष काढून घेतलं होतं. मी तशीच स्टुलावर चढले.

लुगड्याची गाठ सोडली आणि बसलेच. डाव्या तोंडावर कणीक तशीच होती, दगड झालेली, आणि तिच्या कडेने उंदरांनी चामडं कुरतडून रुपयाएवढं भोक पाडलं होतं. कणीक खरवडल्याशिवाय जन्मात कधी न उठलेला माणूस त्या दिवशी तसाच उठला होता.

बाबा दारातून बघत होते. "असू दे गो," एवढंच म्हणाले.

असू कसं द्यायचं? रविवारी मी पखवाज उचलून मुलुंडला एका कारागिराकडे नेला. त्याने चामड्याची नवी पुडी चढवली, ती ताणणाऱ्या वाद्या बदलल्या. पुढच्या शनिवारी मी तो घरी आणला आणि बाबांसमोर ठेवला. पाठ केलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यातलं एकच बाहेर पडलं. "बाबा, चुकलं माझं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा संपवला. आईने न सांगता कणकेचा गोळा आणून दिला. तो तिच्या हाताशी कसा तयार होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाबांनी कणीक थापली, चार बोटांनी सारखी केली आणि सुरुवात केली. वर्षभर मांडीवर फिरलेली बोटं चामड्यावर मात्र अडखळत होती. एक बोल आला, पुढचा मागे राहिला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. त्यांच्या कपाळावर घाम आला. वाजवल्यावर हलकं होणारं डोकं मी पहिल्यांदाच जड होताना पाहिलं.

"सवय होईल परत," मी म्हणाले. "रोज बसा. मी टेप लावणार नाही, खरंच."

"हात चलना नाय गो, बाय." रागाने नाही, हवापाण्याचं बोलावं तसे म्हणाले. मग त्यांनी कणीक खरवडली. सगळी, कडेकडेने, नखाने. फडकं ओलं करून दोनदा पुसलं. पखवाज कोपऱ्यात नीट उभा केला आणि आईला म्हणाले, "उद्यापासून गोळो ठेव नको."

दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसले. ताट वाढलं, पोळ्या वाढल्या, आणि आई तवा उतरवायला लागली. मी म्हटलं, "माझी लहान पोळी?"

आई तवा हातात धरून थांबली. "ती तुझी नव्हती गो," ती म्हणाली. "तेंचो गोळो होतो तो. आज बसतील म्हणून मी रोज काढून ठेवायचे. बसले नाहीत की तुला लाटून द्यायचे."

वर्षभर मी ती गूळतूप लावून, चवीने खाल्ली होती.