वेबसाइटचं कच्चं चित्र

माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा डोंबिवलीत शिवलेल्या नऊवारी साड्यांचा धंदा आहे. माझ्याच घरातल्या बाहेरच्या खोलीत सुरू केलेला, आता स्टेशनपासून जवळ छोटासा गाळा आहे. इतक्या वर्षांत कापडावरून, गिऱ्हाइकांवरून आमचं कधी वाजलं नाही. वाजलं ते वेबसाइटवरून.

वेबसाइट करणारी मुलगी जवळच्याच दिवा स्टेशनकडे राहणारी. पहिल्या भेटीत तिने आम्हाला नुसते प्रश्न विचारले, आणि पुढच्या भेटीत लॅपटॉपवर दोन पानं दाखवली. एक गडद मरून, वर सोनेरी अक्षरं आणि दागिन्यांनी मढलेली नवरी. दुसरं साधं, सायीच्या रंगाचं, त्यावर निऱ्या नीट करणारे दोन हात.

मी 'ऑर्डर करा'चं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बंद पडलं वाटतं," मी म्हटलं.

"नाही काकू, हे अजून चित्रच आहे. आत काही बांधलेलं नाही. दिशा बरोबर आहे का, एवढंच आज बघायचंय."

"म्हणजे आपण आधी कच्चे टाके घालतो तसं," जाऊ म्हणाली. "उसवायचं असेल तर आत्ताच."

मला नवरी आवडली होती. जावेला हात. मी म्हटलं, हे तर शिवणक्लाससारखं दिसतंय. ती म्हणाली, ते लग्नाच्या हॉलसारखं. दोघींचा आवाज थोडा चढला. मुलीने चहाचा कप बाजूला ठेवला.

"रंग राहू दे. पान उघडल्यावर बाईला काय वाटायला हवं, ते सांगा."

"की दुकान मोठं आहे, भरवशाचं आहे," मी म्हटलं.

जाऊ म्हणाली, "ताई, शहाडच्या त्या बाई आठवतात? मुलाच्या लग्नासाठी जांभळी शिवून नेली होती त्यांनी."

साडी आठवत होती. बाकी काही मला माहीत नव्हतं. तेव्हा मी माहेरी गेले होते.

"ऑपरेशननंतर त्यांचा उजवा हात वर जात नव्हता. म्हणून मी हूक पुढे घेतले. दोनदा आपल्या दारापर्यंत येऊन परत गेल्या होत्या, म्हणाल्या. बाहेरचा नवरीचा फोटो बघून वाटलं, हे आपल्यासाठी नसणार."

तो फोटो मीच हौसेने लावला होता. मी पुन्हा दोन्ही पानं पाहिली. नवरी अजूनही सुंदरच दिसत होती. पण त्या बाई दारातून परत जाताना मला दिसायला लागल्या.

"हातच ठेव," मी मुलीला म्हटलं. "फक्त काठ मरून कर. तेवढं माझं ऐक."

जाऊ हसली. "काठ मरूनच शोभेल."

पुढच्या आठवड्यात मुलीने तिसरं चित्र आणलं. सायीचा रंग, कडेला बारीक मरून काठ, आणि हातांखाली एक ओळ: 'तुम्हाला कसं सोयीचं पडेल, ते आधी बोलू.' ती ओळ जावेची. आम्ही दोघींनी लगेच होकार दिला. मग मुलीने खरं बांधकाम सुरू केलं.

आता त्या ओळीमुळे फोन येतात. जाऊ प्रत्येकीशी इतकं सविस्तर बोलते की दुपारभर हूक लावायचं काम माझ्याकडेच येतं. मीही ते खुशाल करते. कानावर तिचं बोलणं पडत असतं, आणि फोनमधून मध्येच गिऱ्हाइकाचं हसू ऐकू आलं की इकडे मलाही येतं.