माह्या इंजिनचं साफ तेल

चहा येऊ द्या, मंग सांगतो. पन एक कबूल करा, हे वरठीले आमच्या कारखान्यात कोनाजवळ बोलायचं नाई. तिथं मले सारे गाडीतला जानकार समजतात. समजतात म्हनजे काय, मीच तसं सांगून ठेवलं हाय!

तं झालं असं. भाऊबीजेले मी अन् माही बायको वंदना कोंढ्याले, माह्या सासुरवाडीले गेलो. निंगताना सासूबाईनं घानीवरचं जवसाचं तेल बाटलीत भरून दिलं. थे होतं वंदनाच्या लहान्या बहिनीसाठी. तिचं घर सानगडीले, अन् आठवड्याभरात तिथं मंडई, म्हनजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, भरनार होती. दिवाळीले दोघी बहिनींची भेट झाली नव्हती, म्हनून वंदना त्या मंडईचीच वाट पाहून राहिली होती. मी मोठ्या ऐटीत म्हनलो, बाटली द्या माह्याजवळ, नीट ठेवतो.

दुसऱ्या दिवशी घरी पाहतो तं मोटरसायकलखाली तेल!

खाली बसून पाह्यलं. गिअरजवळ न्यूट्रलचा सेंसर राहते ना, त्याच्यावर तेलाचा ओघळ. मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला. त्यातला मानूस म्हने, सेंसरची रबरी रिंग गेली की तेल गळते. बस! मी नवी रिंग आनली, बसवली, सारं पुसून चकाचक केलं. सकाळी पाहतो तं पुन्हा तेल. अजून एक रिंग. पुन्हा तेल.

वंदना म्हने मिस्त्रीले दाखवा. मी कायले ऐकतो? तिले बोटावरचं तेल दाखवलं अन् म्हनलो, "पाय, किती साफ हाय. लोकायच्या गाडीचं तेल डांबरासारखं काळं निंगते, आपलं पाय कसं पिवळंधमक. याले म्हनतात गाडी ठेवनं."

शेजाऱ्यायलेही बोलावून दाखवलं. त्यायनंही माना डोलावल्या. आता मी इतकं छातीठोक सांगतो म्हटल्यावर कोन काय बोलन?

एकच गोष्ट मले समजत नव्हती. वरठीले ड्युटीवर जाताना इंजिन गरम झालं की मले भूक लागे. कुठून तरी फोडनीचा वास ये. मले वाटे, रस्त्यावरच्या कोनाच्या तरी घरी भाजी होऊन राहिली. पन मधात नुसती धानाची बांधी, शेतंच शेतं, तिथं कोन भाजी करते? तरी मले शंका आली नाई, बोला!

मंडईचा दिवस उजाडला. वंदना कोशाची रेशमी साडी नेसून तयार, अन् सेंसरवर पुन्हा तेल. म्हनलं थांब, फक्त एकदा कसून घेतो. पाना लावला, सारा जोर लावला. कट्ट! सेंसर अर्धा हातात, अन् भोकातून तेलाची धारच लागली.

वंदनाचे डोळे भरून आले. तिथं बहीन सकाळपासून वाट पाहत होती. मले खरंच लय वाईट वाटलं. मंग ती खाली वाकली.

"हे काळं तेल कोनतं?"

"इंजिनचं."

"मंग इतक्या दिवसाचं थे पिवळं कोनतं होतं?"

तिनं इंजिनवर बोट फिरवलं, वास घेतला. मंग ओघळाच्या मागं मागं हात वर नेला, थेट पेट्रोल टाकीच्या कव्हरपर्यंत. त्या कव्हरले बाजूनं खिसा हाय. खिशातून बाटली काढली. झाकन तिरपं लागलेलं, अन् बुडाशी बोटभर तेल.

तेव्हा मले आठवलं, नीट म्हनजे कुठं ठेवली होती थे.

एसटीनं सानगडीले पोचलो तं मंडईतले दुकानवाले सामान बांधून राहिले होते. साळीनं तेलाचं विचारलं. वंदना शांतपने म्हनली, "आनलं होतं, पन यायनं गाडीले फोडनी देल्ली." दोघी बहिनी गळ्यात पडून इतक्या हसल्या, का मंडई हुकली हे त्या विसरूनच गेल्या. अन् मी आपला चिवड्याच्या ताटात तोंड घालून बसलो.

पुढं संक्रांतीले कोंढ्याले गेलो. निंगताना सासूबाईनं दोन बाटल्या आनून ठेवल्या. बिचारीच्या तोंडावर हसूही नव्हतं. मोठ्या मायेनं म्हनल्या,

"जवाई, ही माह्या लेकीची. अन् ही तुमच्या गाडीची."