वीस मिनिटं

नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, कुणालाच नाही. सात वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतेय — आणि अजूनही वाटतंय, पुढच्या ओळीला थांबावं.

माझी नणंद, कमलबाई. घरात सगळे तिला बाई म्हणायचो. माझ्या नवऱ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. लग्नाच्या वर्षभरातच तिचा नवरा वारला, तेव्हापासून आर्णीला माहेरीच. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळं माझ्या नवऱ्याला तिनंच लहानाचा मोठा केला. ती खाष्ट होती, टोचून बोलायची, असं सांगता आलं असतं तर किती सोपं झालं असतं, नाही? तशी ती नव्हती. मी शाळेत लिपिक आहे. सकाळी माझा डबा ती भरायची, माझी स्कूटर पुसून ठेवायची.

तिला एकदा बुद्धगया पाहायची होती. कुणी जाऊन आलं की त्यांच्या घरी जाऊन बसायची, खोदून खोदून विचारायची. शेवटी नवऱ्यानं आमची तिघांची तिकिटं काढली. गाडी वर्ध्याहून होती. साठीची बाई — आणि रेल्वेत पहिल्यांदाच चढत होती.

नागपूर यायच्या आत अर्धा डबा तिचा झाला. भाकर-ठेचा वाटला. इटारसीला सासरी निघालेल्या एका सुनेचं बाळ तिच्या मांडीवर निजलं. माणसं तिला अम्मा म्हणू लागली. नवरा तर लहान पोरासारखा तिच्याशी हसत होता. माझ्याशी तो तसा कधी हसला होता? मी खिडकीला डोकं टेकून बसले होते, आणि मला तिचा आनंद बघवत नव्हता. याहून मोठं कारण शोधू नका. मीही शोधलंय — एवढंच सापडलं.

इटारसीला ती सून उतरली, आसपासची ओळखीची झालेली माणसंही उतरली. नवरा वरच्या बर्थवर झोपला. दुपारी एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली. आमचं पाणी संपलं होतं. बाई बाटली घेऊन उठली.

"गाडी किती येळ थांबते व इथं?"

माझ्या मोबाईलवर वेळापत्रक उघडंच होतं. दोन मिनिटं. मी ते वाचलं. आणि म्हणाले, "वीस मिनिटं थांबते, बाई. आरामात जा."

आरामात जा — हे तर तिनं विचारलंही नव्हतं.

नळ फलाटाच्या पार टोकाला. ती गुडघ्यावर हात ठेवत गेली. नळावर एक लेकुरवाळी होती, तिला आधी भरू दिलं. शिटी झाली तेव्हा बाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. कशाला पाहील? वीस मिनिटं होती ना तिच्याकडे! मग गाडी हलली, आणि ती पळाली. तिचा चेहरा क्षणभर माझ्या खिडकीजवळ आला. "शीला! वो शीला!"

साखळी माझ्या डोक्यावर होती. हात वर केला असता तर पुरला असता. मी घाबरले होते, सुचलं नाही — असं काही नाही हो. मी साखळीकडे पाहिलं. मग खाली मांडीकडे पाहिलं.

तासाभरानं नवरा जागा झाला. "बाई कुठी हाय?"

"संडासले गेली असन," मी म्हणाले.

पुढं शोधाशोध, रेल्वे पोलीस, फोन. बाई त्याच स्टेशनावर सापडली. तिच्याजवळ ना मोबाईल, ना तिकीट. गाडीचं नाव सांगता येईना. नुसतं "आर्णी, आर्णी" म्हणत होती. त्या लोकांनी तिला नागपूरच्या गाडीत बसवून द्यायचं कबूल केलं. तिथं चुलतदीर घ्यायला येणार होता. नवरा रडत होता, मागं फिरू म्हणत होता. मी म्हणाले, "आता ते घरीच पोचते. आपण त्यायच्या नावानं मेणबत्ती लावू." त्यानं माझं ऐकलं. बाईनं त्या दिवसासाठी इस्त्री करून ठेवलेली पांढरी साडी सीटखालच्या पिशवीत गयेला गेली आणि तशीच परत आली.

आम्ही घरी आलो तेव्हा शेजारपाजार जमला होता. सगळ्यांसमोर बाई म्हणाली, "चूक माहीच झाली. शीलानं दोन म्हटलं असन, मले वीस आयकू आलं."

आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता — ती खरंच विचारत होती. मी नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "हो बाई, दोनच म्हटलं होतं."

नवऱ्यानं तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला लावलं, यवतमाळला. मीच घेऊन गेले. तपासून झाल्यावर बाई बाहेर चप्पल घालत होती, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, कान उत्तम आहेत, काळजी करू नका. मी घरी सांगितलं — वयामुळं कमी झालंय, औषध नाही.

त्या दिवसापासून घरातली सगळी माणसं तिच्याशी ओरडून बोलू लागली. तिचाही स्वतःवरचा भरवसा उडाला. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी माझ्या तोंडाकडे पाहायची, बरोबर ऐकलं का म्हणून. एकटीनं बाजारात जाणं सोडलं. दोनदा तिनं गयेचा विषय काढला. नवरा म्हणाला, "तुले आयकू येत नाही, बाई. पुन्हा हरवशीन." मी तिथंच बसून शेंगा सोलत होते.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मलाही बोलायला सांगितलं. मी माईकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, बाईंना ऐकू कमी यायचं, पण माणसाचं मन त्यांना न ऐकताच कळायचं.

बायका हुंदके देऊ लागल्या. मीही डोळ्यांना पदर लावला. डोळे कोरडे होते.