लिहून देणार कोण, घेणार कोण

शेळगावच्या तानूबाईंचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. दुकानात काटा शून्यावर आल्याशिवाय साखर घालू द्यायच्या नाहीत. लोक हसायचे. हसोत बापडे! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथं तोंड पोळलं होतं धाकट्या बहिणीचं, सारजाचं.

वडील गेल्यावर कन्हेरीच्या भावानं, मानसिंगनं, सारजाला हिरवी इरकल नेसवून बारामतीला नेलं. वारसनोंद करायची म्हणाला आणि अंगठा घेतला हक्कसोडपत्रावर. तानूबाई तेव्हा तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून वाचल्या. पुढं नवऱ्यानं टाकलेली सारजा माहेरी गेली, तर भावजयीनं दारातच विचारलं, "तुमचं हितं काय हाय आता?" तेव्हापासून सारजा तानूबाईंच्या पडवीत राहते, सुनेची बोलणी खात.

कन्हेरीतली, वडिलांकडून आलेली विहिरीजवळची वीस गुंठे जमीन मात्र अजून तानूबाईंच्या नावावर होती. आज ना उद्या भाऊ येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्षरओळख चौथीपर्यंतची, पण कागदावरचे शब्द परके. म्हणून साठीत त्या दस्तगीरभाईंकडं जाऊ लागल्या. भाईंचा जन्म कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात गेलेला.

दर बाजारी एक शब्द. ज्या कागदानं आपलं जातं, त्याच्या नावानं पदराला गाठ. वारसनोंदीला गाठ नाही, हक्कसोडीला गाठ. खरेदीखताशी थोडं अडलं, साठेखताशी, म्हणजे पुढं विकायच्या कराराशी, जास्त.

"आन् बक्षीसपत्र?"

"त्यात नावं बघा, तानूबाई. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण. निसतं बक्षीस वाचून लोक खूश हुत्यात."

तानूबाईंनी गाठ अर्धीच मारून ठेवली.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी मानसिंग आलाच. काखेत पिशवी, पिशवीत हिरवी इरकल. "आक्का, वेहिरीजवळच्या तुकड्याचं बक्षीसपत्र करून टाकू. एकदाचं पक्कं हुईल."

तोच रंग, तोच काठ. सारजाला नेसवली होती तशीच. तरी त्या गेल्या, कारण आतून कुठंतरी वाटत होतं, आपलंच मन काळं असेल. भाऊ खरंच काही देत असेल तर?

बारामतीच्या कचेरीच्या ओसरीवर त्यानं शेवटचं पान उघडून वर अंगठा दाबून धरला. "हितं सही कर."

तानूबाईंनी त्याचा अंगठा बाजूला केला आणि पहिलं पान काढलं. बोट ठेवत, ओठ हलवत वाचलं. लिहून देणार, तानूबाई. लिहून घेणार, मानसिंग.

"बक्षीस मी देतीय व्हय तुला?"

मानसिंग इकडंतिकडं बघू लागला. "आक्का, सख्ख्या भावावर संशय?"

"संशय सकाळपतुर व्हता. आता वाचलंय."

साडी त्याच्या मांडीवर ठेवून त्या उठल्या. शेळगावला परतताना इंदापूरच्या एस.टी.त मात्र त्यांना रडू आवरेना. लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला भाऊ होता तो. आता कन्हेरीला कोण या म्हणणार?

घरी सारजा दारातच उभी होती. तोंडावरची भीती लपत नव्हती. "केलीस सही?"

"न्हाय." तानूबाईंनी पदराची अर्धी गाठ ओढून पुरी आवळली. "वेहिरीजवळ दोन खोल्या बांधू. दाराची चावी तुझ्याकडं."