एनिडचा रोज एक शब्द

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत एनिड स्कॉफिन आणि मी तीस वर्षं समोरासमोर उभं राहून मासे कापले. ती रोज मनगटावर पेनाने एक अवघड इंग्रजी शब्द लिहून आणायची. बर्फाच्या पाण्याने तो दुपारपर्यंत पुसला जायचा. तेवढ्यात पाठ करायचा.

"मासे कापणारीला कशाला गं ही थेरं?" मी म्हणायची.

"आपल्याला कुणी अडाणी म्हणू नये," ती म्हणायची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, ते तिला फार लागलं होतं.

तिच्या भावाला, लायनेलला, लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. सहा फुटी गडी, आणि उचलणारी ही अडुसष्ट वर्षांची, एकटी. तिची कंबर पार गेली. नगरपालिकेने मदतनीस दिली नाही, तर त्याला दूरच्या आश्रमात धाडावं लागणार होतं. "धाडू नकोस," एवढंच त्याला नीट बोलता यायचं.

मंगळवारी पाहणीला नगरपालिकेच्या मिस प्रॉसर येणार होत्या. आणि या बयेने काय करावं? घर लख्ख घासलं, ठेवणीतले कप काढले, ओल्या चादरी माझ्याकडे आणून लपवल्या!

"कसं चाललंय?" मिस प्रॉसरनी विचारलं.

"तक्रार करण्यासारखं काही नाही." आमच्याकडे मरतानाही माणसं हेच म्हणतात. वर म्हणते, "शुश्रूषा श्रमसाध्य खरी, परंतु दुःसह नव्हे."

मी टेबलाखालून तिला लाथ मारली. पण मिस प्रॉसर कौतुकाने बघत होत्या, आणि एनिडकडे कुणी असं कधी बघितलंच नव्हतं. ती बोलतच सुटली.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. बहीण सुशिक्षित व समर्थ. मदतीची गरज नाही.

तिने माझ्या घरून मिस प्रॉसरना फोन लावला.

"बाई, मला झेपत नाही हो. काल तो पडला. दोन तास आम्ही दोघं फरशीवर पडून होतो. मी मरेन, बाई. कुणीतरी पाठवा." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मला ऐकवेना.

पलीकडून मिस प्रॉसर अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "मिस स्कॉफिन, असं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं? मंगळवारी तर तुम्ही किती छान बोलत होतात."